दहा गुंठ्यांचा कायदा

सकाळी ६

फोन वाजायला लागण्याआधीचा हा एक तास मी कुणाला देत नाही. बारामती अजून पुरती जागी झालेली नसते. नीरा डाव्या कालव्याच्या कडेने फिरायला निघालेली माणसं तेवढी दिसतात. टेबलावर चहा आणि शेजारी १९४७ चा तुकडेबंदी कायदा. त्याचं पूर्ण नाव ‘महाराष्ट्र धारण जमिनींचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करण्याबाबत व त्यांचे एकत्रीकरण करण्याबाबत अधिनियम’. कोर्टात, तहसिलात, पारावर सगळे त्याला तुकडेबंदीच म्हणतात. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत दिवाणी आणि महसुली कामं करणाऱ्या वकिलाच्या हाताखालून हा कायदा गेला नाही असा आठवडा नसतो.

माझी प्रत जाड झाली आहे. दुरुस्ती आली की राजपत्र छापून घ्यायचं, कात्रीने कापायचं आणि मूळ कलमाशेजारी चिकटवायचं, ही सवय मला माझ्या सिनिअरांनी लावली. २०१५ ची चिठ्ठी पिवळी पडली आहे, २०१७ ची तिच्यावर अर्धी बसली आहे आणि २०२४ च्या अध्यादेशाची त्या दोन्हींवर. दुरुस्ती अधिनियमात सलग मजकूर नसतो. अमुक पोट-कलमातल्या या शब्दांऐवजी ते शब्द घाला, इतकंच लिहिलेलं असतं आणि जोडाजोड वाचणाऱ्याने करायची असते. मला ती जमते, कारण तोच माझा व्यवसाय आहे. पण ज्याच्या सातबाऱ्यावर हा कायदा बसतो, त्याला आज अमलात असलेला कायदा एका जागी, मराठीत, सलग वाचायचा म्हटलं तर तो सहजी हाताला लागत नाही. कायदा माहीत नव्हता ही सबब मात्र त्याच्याकडून कुठलंही कोर्ट ऐकून घेत नाही.

कायद्याचं राज्य म्हणजे काय, यावर मोठमोठे ग्रंथ आहेत. माझ्या कामापुरते मी त्यातून दोन प्रश्न घेतले आहेत आणि नवा कायदा हातात आला की आधी तेच विचारते. ज्याला याची झळ बसणार, त्याला हा कायदा करण्याआधी कुणी विचारलं का? आणि केल्यानंतर त्याला तो कुणी नीट सांगितला का?

सकाळी ७.३०

पहिला फोन एका बाईंचा. राहतात बारामतीत एमआयडीसीच्या बाजूला, माहेर निमगाव केतकीकडचं. वडील गेले, आई आधीच गेली. मागे तीन भाऊ आणि या, आणि सगळ्यांत मिळून ३८ गुंठे विहीर-बागायत. परवा इंदापूरला हक्कसोडपत्राचा दस्त करायचा ठरला आहे.

“ताई, भाऊ म्हणतात, तू वाटा घेतलास तर कुणालाच काही मिळत नाही. कायद्यातच बसत नाही. खरंय का?”

हिशेब मी फोनवरच केला. ३८ गुंठे तिघांत वाटले तर प्रत्येकी साडेबारा गुंठ्यांच्या वर. चौघांत वाटले तर साडेनऊ. ८ ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांत बागायतीसाठी १० गुंठे आणि जिरायतीसाठी २० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र ठरलं. त्याहून लहान क्षेत्र म्हणजे तुकडा, आणि वाटपाने तुकडा पाडायला बंदी. बहीण धरली तर चारही वाटे अर्ध्या अर्ध्या गुंठ्याने कमी पडतात. बहीण सोडली की सगळं बसतं.

मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून केली. देशाने ती २००५ मध्ये केली. वडील हयात असोत वा नसोत, हा हक्क जन्मानेच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला पक्कं केलं. इतका प्रवास करून आलेला हक्क अर्ध्या गुंठ्यापाशी अडतो, आणि भावांच्या हातात आयतं कारण येतं. आम्ही नाही म्हणत नाही ताई, कायदाच नाही म्हणतो.

दोन्ही कायद्यांचे हेतू चांगले होते, यात मला शंका नाही. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हाच जमिनीच्या चिंध्या होत चालल्याचं त्यांनी दाखवलं होतं. १९२७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात लहान धारणांबद्दल विधेयक आलं, ते शेतकऱ्यांच्या विरोधाने मागे पडलं. मग १९४७ चा हा कायदा. जमीन पिकाऊ राहावी म्हणून एक कायदा झाला, मुलीला न्याय मिळावा म्हणून दुसरा. १९९४ साली दुसरा करताना पहिल्याचं काय होणार, हे मांडायला ज्यांच्या घरात ३८ गुंठे आणि चार भावंडं आहेत अशा कुणाला बोलावलं असतं, तर हा प्रश्न तेव्हाच समोर आला असता.

बाईंना म्हटलं, “परवा सही करू नका. आज मी इंदापूरलाच आहे. संध्याकाळी शेतावर येते, भावांना थांबायला सांगा.”

सकाळी ९

बारामती ते इंदापूर हा रस्ता संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा. आषाढवारीत सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी करत वारकरी याच वाटेने जातात. आता गळीत हंगाम आहे. भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याकडे निघालेले, मागे दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर ओव्हरटेक करत जावं लागतं. गाडी माझा ज्युनिअर चालवतो. त्याला एका सहकारी संस्थेच्या निवडणुकीची फाईल वाचायला दिली होती आणि त्याचा प्रश्न तयार होता: २०१३ साली सहकार कायदा इतका का बदलला?

या दोन तालुक्यांत माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा असे कारखाने आहेत, आणि सोसायटी, दूध संघ, पतसंस्था नसलेलं गाव सापडणं अवघड. त्यामुळे ९७ वी घटनादुरुस्ती आमच्याकडे पुस्तकात राहिली नाही. संसदेने ती डिसेंबर २०११ मध्ये केली, १५ फेब्रुवारी २०१२ पासून ती लागू झाली. सहकारी संस्था स्थापन करणं हा मूलभूत हक्क झाला. संचालक २१ पेक्षा जास्त नसावेत, मुदत पाच वर्षांची, निवडणुका स्वतंत्र यंत्रणेकडून, हे सगळं थेट संविधानात लिहिलं गेलं. त्याला जुळवून घ्यायला महाराष्ट्राने आपला १९६० चा सहकार कायदा २०१३ मध्ये मोठ्या प्रमाणावर बदलला. ‘क्रियाशील सभासद’ हा प्रकार तेव्हापासून प्रत्येक सोसायटीच्या बैठकीत ऐकू यायला लागला.

पण सहकार हा विषय राज्यसूचीतला. राज्यांच्या अधिकारांना हात लावणारी घटनादुरुस्ती असेल तर अनुच्छेद ३६८ (२) प्रमाणे निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांची संमती लागते. ती घेतलीच नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हा भाग रद्द केला आणि २० जुलै २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो निकाल कायम ठेवला. राज्यांतल्या संस्थांपुरत्या त्या तरतुदी गेल्या, बहुराज्य संस्थांपुरत्या राहिल्या. मधल्या नऊ वर्षांत किती निवडणुका झाल्या, किती सभासदांची मतं गेली, किती दावे उभे राहिले!

ज्युनिअर म्हणाला, “मॅडम, पण तरतुदी चांगल्या होत्या ना?”

होत्या, बऱ्याचशा. संचालक मंडळांवर मर्यादा हवी असं मलाही वाटतं. तरीही तो निकाल मला पटतो. राज्यांना विचारायची रीत संविधानाने उगाच घातलेली नाही. तो विषय राज्याराज्यांत वेगळा आहे. महाराष्ट्रातला साखर कारखाना आणि दुसऱ्या राज्यातली मासेमारांची संस्था एका मापाने मोजता येत नाही. विधानमंडळांत ती दुरुस्ती चर्चेला आली असती तर मुंबईत कुणीतरी उठून सांगितलं असतं की आमच्याकडे ऊस घालणारा सभासद वर्षाच्या सभेला येत नाही, त्याचं काय करायचं. संसदेला वेळ वाचवायचा होता. तो वेळ सभासदांनी कोर्टात घालवला.

सकाळी ११

इंदापूरच्या कोर्टात पुकारा सुरू झाला. आजचं माझं फौजदारी काम एका टेम्पोचालकाचं. अपघात मे २०२४ मधला, म्हणून भारतीय दंड संहितेचं कलम ३०४-अ, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. तोच अपघात दोन महिन्यांनी झाला असता तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ (१) लागलं असतं आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत गेली असती. कृत्य घडलं तेव्हा जो कायदा होता त्याहून जास्त शिक्षा देता येत नाही, हे अनुच्छेद २० (१) मध्ये आहे. माझ्या पक्षकाराला संविधान माहीत नाही, पण ते आज त्याच्या पाठीशी उभं आहे.

१ जुलै २०२४ पासून माझ्या बॅगेत दोन्ही संहिता असतात. आमच्या बार रूममध्ये भिंतीवर जुन्या-नव्या कलमांचा तक्ता लावला आहे: ३०२ चं १०३, ४२० चं ३१८, ४९८-अ चं ८५. मुदतीचा अर्ज लिहिता लिहिता सगळे मान वर करून त्या तक्त्याकडे बघतात.

ही तिन्ही फौजदारी विधेयकं ११ ऑगस्ट २०२३ ला लोकसभेत मांडली गेली आणि गृहखात्याच्या स्थायी समितीकडे गेली. हे योग्य झालं. समितीचा अहवाल आल्यावर ती मागे घेऊन १२ डिसेंबरला नव्याने मांडली आणि २० व २१ डिसेंबरला दोन्ही सभागृहांनी मंजूर केली. त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ विरोधी सदस्य निलंबित झाले होते. निलंबन बरोबर की चूक, यावर मतं असतील. माझं म्हणणं एवढंच की प्रत्येक पोलीस ठाणं, प्रत्येक कोर्ट आणि प्रत्येक नागरिक ज्या कायद्याखाली येणार, त्याच्या कलमा-कलमावर उलट प्रश्न विचारणारी बाकं तेव्हा भरलेली असायला हवी होती.

त्याचा परिणाम आम्ही दहा-बारा दिवसांत पाहिला. कलम १०६ (२) मध्ये अपघातानंतर न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली होती. १ जानेवारी २०२४ ला ट्रक-टँकरचालक रस्त्यावर उतरले. ऐन हंगामात वाहतूक थांबली, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. वाहतूकदारांच्या संघटनेशी बोलल्याशिवाय ते पोट-कलम लागू करणार नाही, असं सरकारला सांगावं लागलं, आणि बाकी संहिता १ जुलैला लागू झाली तेव्हा ते एवढंच बाजूला ठेवलं गेलं. चालकांचं म्हणणं काय होतं? अपघातानंतर थांबलो तर जमाव जिवंत सोडत नाही, पळालो तर दहा वर्षं. यात तथ्य किती आणि त्यावर उपाय काय, हे समितीसमोर एका दुपारी ऐकून घेता आलं असतं. अपघातात गेलेल्या माणसाच्या घरच्यांनाही ऐकायला हवं होतं. माझ्या टेम्पोचालकाच्या खटल्यात त्या माणसाची बायको प्रत्येक तारखेला मागच्या बाकावर बसलेली असते. मी तिच्या विरुद्ध बाजूची वकील आहे. तरीही तिला कुणी काही विचारलेलं नाही, हे मला दिसतं.

साक्षीदार आला नाही. पुढची तारीख पडली.

दुपारी २

डबे उघडले. केंद्राच्या कृषी कायद्यांवर आमच्या बारमध्ये आजही दोन तट आहेत, पण एका गोष्टीवर दोन्ही तटांचं एकमत आहे. ५ जून २०२० ला अध्यादेश आले, सप्टेंबरमध्ये राज्यसभेत आवाजी मतदानाने विधेयकं मंजूर झाली, जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली आणि २९ नोव्हेंबर २०२१ ला ते कायदे दोन्ही सभागृहांत चर्चेविना मागे घेतले गेले. कायदे हवे असणाऱ्यांचंही म्हणणं सभागृहात पुरतं मांडलं गेलं नाही आणि नको असणाऱ्यांचंही नाही.

अध्यादेशांचा विषय निघाला की पुण्याच्या गोखले संस्थेतल्या डी. सी. वाधवांचं नाव मी घेतेच. अर्थशास्त्राचा हा प्राध्यापक बिहारची राजपत्रं चाळत बसला आणि १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवल्याचं त्याने दाखवलं. काही तर चौदा वर्षांपर्यंत. १९८३ मध्ये पुस्तक काढलं आणि स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेला. २० डिसेंबर १९८६ चा निकाल म्हणतो, की विधिमंडळाला वळसा घालून असं राज्य करणं म्हणजे संविधानाची फसवणूक. राजपत्र नीट वाचणाऱ्या एका माणसाने हे घडवलं, हे मी नव्या वकिलांना आवर्जून सांगते.

दुपारी ३.३०

कोर्टाबाहेर एक निवृत्त शिक्षक भेटायला थांबले होते. त्यांनी नव्वदच्या दशकात घरासाठी दोन गुंठे घेतले. सातबाऱ्याच्या इतर अधिकारात ‘तुकडेबंदी कायद्याविरुद्ध व्यवहार’ असा शेरा पडला. त्यांनी बांधकामाला कर्ज मागितलं तेव्हा तो शेरा आडवा आला. २०१७ च्या दुरुस्तीने १५ नोव्हेंबर १९६५ पासूनचे असे व्यवहार बाजारमूल्याच्या २५ टक्के रक्कम भरून नियमित करायची सोय केली. गुरुजींनी फंडातले पैसे काढून ती भरली. शेजारच्या गटातल्या माणसाने भरली नाही. ऑक्टोबर २०२४ च्या अध्यादेशाने २५ चे ५ टक्के झाले. शेजाऱ्याने तरीही भरली नाही. २०२५ च्या अखेरीस आणखी एक अध्यादेश आला आणि तेही शुल्क गेलं.

गुरुजींनी प्लास्टिकच्या पिशवीतून चलन काढून माझ्यापुढे ठेवलं. चार घड्या घातलेलं, कडा मऊ झालेल्या. “मॅडम, पैसे परत मिळतील का?” मी कलम वाचून नाही म्हटलं. मग ते म्हणाले, “मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचो.”

सामान्य माणसाच्या दोन गुंठ्यांवरचा टांगता शेरा गेला, हे उत्तमच झालं. लाखाचं घर बांधून बेकायदा ठरलेल्यांच्या गळ्याचा फास सुटला. पण साठ वर्षांचे व्यवहार नियमित करायचे तर त्याची वाट एकदाच, नीट विचार करून, सगळ्यांना सारखी आखायला हवी होती. प्रत्येक वेळी सवलत वाढत गेली की लोक एकच धडा घेतात, थांबा, भरू नका, अजून कमी होईल. ज्याने सांगितल्या दिवशी पैसे भरले त्याच्यासाठी कुठल्याही चिठ्ठीत एक ओळ नाही. कायदा पाळणाऱ्याला तोटा होत असेल, तर पुढच्या कायद्यावर विश्वास कोण ठेवील?

आणि मधल्या काळात परिपत्रकांचा खेळ झाला तो निराळाच. प्रमाणभूत क्षेत्राहून कमी जमिनीचे दस्त परवानगीशिवाय नोंदवू नका, असं नोंदणी विभागाने १२ जुलै २०२१ च्या परिपत्रकाने सांगितलं. ५ मे २०२२ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक आणि त्यामागचा नोंदणी नियम ४४ (१) (i) रद्द केला; नोंदणी कायद्यात नसलेला अडसर परिपत्रकाने उभा करता येत नाही, असा त्याचा सरळ अर्थ. त्यानंतरही एका कार्यालयात माझ्या पक्षकाराला तेच परिपत्रक दाखवून परत पाठवलं गेलं. टेबलामागच्या माणसाला निकाल माहीत नव्हता, वरून आदेश आलेला नव्हता. निकाल मुंबई-औरंगाबादेत लागतो, खिडकीपर्यंत यायला त्याला वेळ लागतो आणि तोवर खिडकीवर परिपत्रकच कायदा असतो.

संध्याकाळी ५

निमगाव केतकीच्या पुढे गाडी आत वळवली. बाजूला पानमळा, मग डाळिंब, मग यांचे ३८ गुंठे. विहिरीजवळ तिघे भाऊ, आणि बारामतीहून एसटीने आलेली त्यांची बहीण थोडी बाजूला. चहा आला.

थोरला म्हणाला, “मॅडम, आमी काय तिला तोडतोय व्हय? दिवाळीला, पंचमीला माहेर आहेच की तिला. पण कायद्यातच बसंना, त्याला आमी तर काय करणार?”

मी प्रत उघडली आणि कलम ८-कक काढलं. वारशाने मिळालेल्या सामाईक जमिनीचं कोर्टाने किंवा जिल्हाधिकाऱ्याने वाटप करायचं आणि सगळ्यांना तुकडा न पडता हिस्सा देता येत नसेल, तर काय करायचं हे तिथे लिहिलं आहे. ज्याला जमीन देता येत नाही त्याला त्याच्या हिश्श्याची रक्कम द्यायची. जमीन कुणी घ्यायची आणि रक्कम कुणी, हे सहहिस्सेदारांनी आपसांत ठरवायचं. नाहीच ठरलं तर चिठ्ठ्या टाकायच्या.

“चिठ्ठ्या?” धाकट्याने विचारलं.

“चौघांच्या. जमीन तिघांना जाईल, चौथ्याला पैसे.”

“म्हंजी माजंच नाव राहिलं तर?”

“तर तुम्हाला पैसे आणि ताईंना जमीन.”

थोरला म्हणाला, “असं कुठं असतंय का!” मी पुस्तक त्याच्याकडे दिलं. तो दहावीपर्यंत शिकलेला. बोट ठेवून त्याने ते कलम सावकाश वाचलं, एकदा मनात आणि एकदा मोठ्याने. बहीण पुढे येऊन ऐकत होती. बहिणीचा हिस्सा बुडतो असं त्यात कुठेच नव्हतं. बहीण हा शब्दच त्यात नाही; सहहिस्सेदार आहे.

मला या जुन्या कलमाचा फार आदर वाटतो. ज्यांनी ते लिहिलं त्यांनी हरणाऱ्याचा विचार केला होता. जमीन जाणार तर पैसे मिळतील, आणि कुणाची जाणार हे दांडगाईने ठरणार नाही. पण हे कलम बांधावर कुणी वाचून दाखवत नाही. तलाठ्याच्या सज्जात ‘तुकडा होतो’ एवढं ऐकू येतं आणि पुढचा रस्ता थेट हक्कसोडपत्राकडे जातो, ज्यात रक्कम शून्य असते.

निर्णय माझा नव्हता. बाईंना जमीन हवी की पैसे, की सामाईकच ठेवायची, हे त्यांनी ठरवायचं. त्या भावांना म्हणाल्या, “मला भांडायचं न्हाई. पण चिठ्ठीचं मला म्हाईतच नव्हतं.” मधला भाऊ तोवर काही बोलला नव्हता. त्याने विचारलं, गुंठ्याला भाव काय धरायचा. परवाचा दस्त पुढे ढकलला.

संध्याकाळी ७.३०

बारामतीच्या ऑफिसात विधी महाविद्यालयाची दोन मुलं येऊन बसली होती. त्यांना विधेयक वाचायला शिकवते. कलमांकडे नंतर जायचं. आधी शेवटची पानं उलटायची: उद्देश व कारणे यांचे निवेदन, वित्तीय ज्ञापन आणि वैधानिक अधिकार सोपविण्यासंबंधीचे ज्ञापन. सरकार पुढे नियम करून काय काय ठरवणार आहे, हे या तिसऱ्या ज्ञापनात कळतं. ‘विहित करण्यात येईल अशा रीतीने’ हे शब्द विधेयकात किती वेळा आले ते मोजायला लावते. जितके जास्त, तितकं सभागृहाने खात्याच्या हाती दिलं.

एकीने विचारलं, “समितीकडे गेलं की विधेयक सुधारतंच का?”

नेहमी नाही. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, साडेबारा हजारांहून अधिक सूचना आल्या, काही बदल झाले आणि जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं. त्यातल्या व्याख्या मला आजही सैल वाटतात, आणि सैल व्याख्येचा फौजदारी कायदा कुणावर कधी पडेल सांगता येत नाही. तरी साडेबारा हजार लोकांचं म्हणणं कागदावर आलं, उद्या कोर्टात अर्थ लावताना ते उपयोगी पडेल. पंधराव्या लोकसभेत दहापैकी सात विधेयकं समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण सहात एक इतकं खाली आलं. कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा, सोबत सोप्या भाषेत टिपण द्यावं, असं केंद्र सरकारचं २०१४ चं धोरण आहे. ते धोरणच आहे, कायदा नाही. न पाळल्याबद्दल कुणाला जाब द्यावा लागत नाही.

रात्री ९

मुलं थांबली, कारण आज एक काम हातात होतं. महसूल विभागाला आणि विधी व न्याय विभागाला पाठवायचं निवेदन. प्रती आमच्या दोन्ही तालुक्यांच्या आमदारांना आणि खासदारांना. मागणी एकच: वारसांपैकी कुणी मोबदल्याशिवाय हक्क सोडत असेल आणि कारण तुकडेबंदीचं असेल, तर त्याला कलम ८-कक आधी समजलं पाहिजे.

मी पहिला मसुदा सांगितला: “असा दस्त नोंदणीस दाखल झाल्यास, हक्क सोडणाऱ्या व्यक्तीस कलम ८-कक खालील तिचे हक्क समजावून सांगितल्याशिवाय दस्त नोंदवू नये.”

दोघांपैकी एकीने पेन खाली ठेवलं. “मॅडम, समजावून कुणी सांगायचं? भावाने सांगितलं म्हणाले तर?”

बरोबर होतं. ‘दुय्यम निबंधकाने’ घातलं.

“भावांसमोर?”

‘त्या व्यक्तीस एकटीस’ घातलं. मग ज्युनिअर म्हणाला, त्याच दिवशी सांगितलं तर उपयोग काय, गाडी भाड्याने करून सगळे आलेले असतात, ती बाई सही करणारच. म्हणून दस्ताच्या किमान १५ दिवस आधी लेखी मराठी नोटीस घातली. लेखी नोटीस वाचता येत नसेल तर? वाचून दाखवायची आणि तशी नोंद घ्यायची. आणि हे परिपत्रकाने करा असं म्हणायचं नाही. परिपत्रकाने कायद्यात नसलेली अट घालता येत नाही, हे आपणच दुपारी बोललो. म्हणून अधिनियमातच पोट-कलम मागायचं, त्याचा मसुदा राजपत्रात हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध करायची विनंती करायची आणि सोबत ३८ गुंठे, चार वारस हा हिशेब जोडायचा. बाईंचं नाव-गाव न देता.

मोबदला कोण ठरवणार आणि किती दिवसांत, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. तो मुद्दा उद्या.